गळ लपवायचा तो पाणी पाहून

बास हा मासा नाशिकच्या धरणांत नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. गंगापूरपासून गिरणा धरणापर्यंत कुठेही बसलात तरी तो तुमच्या गळाला लागणार नाही. तरीही पुढच्या पानांत ज्या जोडण्या दिल्या आहेत, म्हणजे टेक्सास, कॅरोलायना, वॅकी, नेको, ड्रॉप शॉट, नेड, त्या जवळपास सगळ्या बासच्या मागे लागलेल्या लोकांनी शोधल्या किंवा नावारूपाला आणल्या. मासाच नाही तर त्याच्यासाठी केलेली रबरी अळी दारणेच्या काठावर कशाला हवी, असा प्रश्न वाचकाला पडणारच. माझे म्हणणे असे की जोडणी ही माशासाठी नसतेच, ती जागेसाठी असते. रबरी आमिषात गळाचे टोक उघडे ठेवायचे की लपवायचे, वजन आमिषाच्या नाकाशी ठेवायचे, हातभर पुढे ठेवायचे की त्याच्या खाली लोंबते सोडायचे, हे सगळे तळ कसा आहे, काठाला काय उगवले आहे आणि पाणी किती गढूळ आहे यावर ठरते. मासा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. तो बिनमहत्त्वाचा नाही, त्याकडे पुढे येतोच. पण क्रम हा असा आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक उलटा लावला जातो.

उलटा लावला जातो याला जुनी कारणे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात माशांच्या जाती सांगून कोणाला काय खाऊ घालावे याचा विचार केला आहे. राजाने या विषयाला ग्रंथात जागा द्यावी ही गोष्ट मला फार आवडते, पण ग्रंथाची मांडणी माशापासून सुरू होते हेही खरे. हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली निघाले. त्यातही महसीर हा नायक आणि बाकी सगळे त्याच्या भोवती. आजही काठावरचे ज्ञान याच साच्यात बोलते: रोहू-कटल्याला कणकेचा गोळा, वामीला गांडूळ, मरळीला बेडूक. हे ज्ञान चुकीचे नाही. खाद्य शोधत फिरणाऱ्या, वासावर येणाऱ्या माशाच्या बाबतीत काय खाऊ घालायचे हाच खरा प्रश्न असतो. बासची गोष्ट वेगळी. तो झिंगा खातो, बेडूक खातो, लहान मासे खातो, पाण्यावर पडलेला चतुरही खातो. ज्याला जवळपास सगळेच चालते त्याला काय द्यावे याचा विचार लवकर संपतो, आणि मग विचार उरतो तो एवढाच की तो ज्या अडचणीच्या जागी दबा धरून बसला आहे तिथे आमिष अडकू न देता कसे पोचवावे. बासने अमेरिकन गळवाल्यांना जागेचा अभ्यास करायला भाग पाडले. आपल्या कामाचा आहे तो हा अभ्यास.

याचा पुरावा अळीच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन गावी, निक क्रीम याने 1949 साली मऊ प्लास्टिकची अळी बाजारात आणली. व्हिनाइलचे चूर्ण आणि त्याला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य एकत्र तापवायचे आणि साच्यात ओतायचे; आजही बहुतेक सॉफ्ट प्लास्टिक आमिषे याच रीतीने होतात. सुरुवातीच्या अळ्या उघड्या गळांच्या तयार जोडणीसह मिळत. मोकळ्या पाण्यात ते चालून गेले. पुढे क्रीमचा कारखाना टेक्सासात टायलरला गेला, आणि टेक्सासचे पाणी मोकळे नव्हते. तिथली बहुतेक मोठी जलाशये माणसाने बांधलेली. नद्या अडवल्या, जंगले न तोडताच पाण्याखाली गेली, आणि बास त्या बुडालेल्या खोडांत जाऊन बसले. उघडा गळ पहिल्याच फेकीत लाकडात रुतायचा. तेव्हा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे तंगुसात ओवून, गळाचे टोक अळीच्या नाकातून आत घालून बाहेर काढून, गळ उलटा फिरवून टोक परत अळीच्या अंगात लपवायची रीत तिथे रुजली. तीच टेक्सास जोडणी. अळी तीच, मासा तोच, बदलले ते पाणी. आणि पाण्याबरोबर गळाचे टोक बाहेरून आत गेले. टेक्सासचे सॅम रेबर्न धरण 1965 साली पूर्ण झाले, आणि गोदावरीवरचे आपले गंगापूर धरणही त्याच साली. सॅम रेबर्न गंगापूरच्या कितीतरी पट मोठे, तेव्हा हा योगायोग फार ताणू नये. पण नदी अडवून केलेले, दरवर्षी चढणारे-उतरणारे, जमीन गिळून बसलेले पाणी ही जात दोन्हीकडे एकच आहे.

नाशिक जिल्ह्याइतके धरणांचे दाट जाळे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. चणकापूर आणि दारणा इंग्रजांच्या काळातली. नंतर गंगापूर, गिरणा, ऊर्ध्व वैतरणा, करंजवण, ओझरखेड, मुकणे, काश्यपी, भावली. यांतल्या बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबरात भरलेले पाणी मे महिन्यापर्यंत कितीतरी खाली जाते, आणि जायकवाडीला पाणी सोडण्याचा निर्णय झाला तर त्याआधीच. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. पावसाळ्यात त्याच जमिनीवर पुन्हा पाणी चढते आणि कापणीनंतरची धसकटे, बांधावरच्या बाभळी, कुंपणाची तार, मोटारपंपाचे जुने पाइप हे सगळे खाली जाते. पुस्तकात दाखवतात तसा नैसर्गिक तळ्याचा काठ इथे नसतो. इथे शेताचा काठ असतो. त्याखालची जमीनही एकसारखी नाही. कुठे पाय रुतेल असा काळा गाळ, कुठे मुरूम, आणि मधूनच काळ्या पाषाणाचे भेगाळलेले थर, ज्यांत गेलेले शिसे परत येत नाही. शहराखाली गोदावरीत आणखी एक प्रकार आहे, पानवेली. सायखेडा-चांदोरीच्या पुलांना पुरात त्या अडकतात तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो येतात. एरवी त्या नदीभर हिरवी सतरंजी पसरून असतात. एकाच जिल्ह्यात चार-पाच प्रकारची पाणी असताना सगळीकडे एकच जोडणी वापरणे म्हणजे तंगूस तोडून घेण्याची हौस.

आता या पाण्यांवर जोडण्या लावून पाहू. बुडालेली गाळपेर आणि बाभळीची खुंटे जिथे आहेत तिथे टेक्सास जोडणीला पर्याय नाही, फक्त शिसे मोकळे सोडायचे की काडीने किंवा रबरी खुंटीने जागच्या जागी अडकवायचे हे ठरवावे लागते. विरळ काड्यांत मोकळे शिसे बरे, कारण ते पुढे पडते आणि अळी मागून सावकाश येते. दाट गवतात मात्र शिसे काडीच्या एका बाजूने आणि अळी दुसऱ्या बाजूने गेली की दोन्ही लटकतात. तिथे दोघांनी एकत्रच जायला हवे. पाणी उतरल्यावर जो उघडा, मुरमाड, हलक्या उताराचा काठ मिळतो, तो कॅरोलायना जोडणीचा. वजन पुढे, मग मणी, मग फिरकी, आणि त्यामागे हातभर तंगुसाला जवळजवळ वजनरहित आमिष. वजन तळ खरवडत जाते, आमिष वर तरंगत मागे येते, आणि थोड्या वेळात बराच काठ तपासून होतो. हीच जोडणी पाषाणाच्या भेगांवर नेली तर दर चार फेकींत एक शिसे गमवाल. त्या जागेसाठी ड्रॉप शॉट: तंगुसाच्या टोकाला वजन, त्याच्या वर वीत-दीड वितीवर गळ. अडकले तर वजन अडकते, आमिष नाही. बाजारात यासाठी तंगुसाला नुसते चिमटीत धरणारी वजने मिळतात, जी जोर लावला की सुटून येतात. ती न मिळाल्यास मुख्य तंगुसापेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधलेला नदीकाठचा खडा तेच काम करतो, आणि तो तिथे राहिला तरी पाण्याचे काही बिघडत नाही.

नेड जोडणीचे सध्या फार कौतुक आहे. कॅन्ससचे लेखक नेड केहडी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी दिसायला अगदीच साधी: छत्रीसारख्या डोक्याचा दोन-तीन ग्रॅमचा गळ आणि त्यावर बोटाएवढी तरंगणारी अळी. तळावर टेकली की शेपूट वर करून उभी राहते. पण उभी राहायला तळ कठीण हवा. मुरमावर ती जेवढी चांगली, काळ्या गाळात तेवढीच निरुपयोगी. डोके गाळात जाते आणि वर उरते ते सेंटिमीटरभर रबर. शिवाय टोक उघडे असल्याने धसकटांत तिला नेऊ नये. वॅकी जोडणीचेही तसेच. अळीच्या मधोमध गळ घातला की दोन्ही टोके थरथरत ती आडवी खाली उतरते, आणि मीठ घालून जड केलेल्या अळीला वेगळ्या शिशाची गरजही पडत नाही. हे उतरणे पाहण्यासारखे आहे, पण माशालाही ते दिसायला हवे. पावसाळ्यात चहाच्या रंगाच्या पाण्यात त्याचा उपयोग नाही. हिवाळ्यात पाणी निवळल्यावर, बांधाच्या दगडी पिचिंगसारख्या उभ्या काठाशी आहे. धरणाच्या भिंतीजवळचा प्रतिबंधित भाग अर्थात सोडून. अळीच्या पोटावर रबरी कडी चढवून गळ कडीत अडकवला तर अळी फाटत नाही. नेकोमध्ये याच अळीच्या एका टोकात खिळ्यासारखे वजन खुपसतात, त्यामुळे ती नाक खाली करून उतरते. उभ्या काठाच्या तळाशी पोचायला हा वॅकीपेक्षा सरळ मार्ग. या दोन जोडण्यांवर या पुस्तकात पाने कमी आहेत, कारण नाशिकच्या पाण्यात त्यांचे महिनेच कमी आहेत.

जागा महत्त्वाची आणि मासा नंतर, या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र अमेरिकेच्या पोटोमॅक नदीत मिळतो. आपल्या मरळीच्या कुळातला उत्तरेकडचा एक मासा, चन्ना आर्गस, 2002 साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडला आणि 2004 साली पोटोमॅकमध्ये. तो तिथला नव्हता, आशियातून माणसाच्या हाताने गेला होता. त्याला धरण्यासाठी तिथल्या गळवाल्यांनी नवे काही शोधले नाही. ज्या गवतात बास बसतो त्याच गवतात हा बसला, आणि बाससाठी बनवलेल्या लपवलेल्या गळाच्या रबरी बेडकावर, त्याच शेपटीवाल्या रबरी माशावर तो येऊ लागला. कुळ वेगळे, खंड वेगळे, पण जागा एक म्हणून जोडणी एक. आपल्याकडचा दाखलाही फार लांब नाही. रायगडच्या खाडीत तिवरांच्या मुळांत दबा धरणारा जिताडा बासच्या नात्यातला नाही, तरी मुळांत आमिष सोडायचे तर गळाचे टोक लपवावेच लागते.

आता माशाकडे वळायला हवे, कारण इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. बासची जोडणी जशीच्या तशी मरळीवर चालवणारे बरेच जण काही दिवसांत कंटाळून ती सोडतात. फटका बसतो, तंगूस ताणले जाते आणि मासा सुटतो. दोष जोडणीचा वाटतो. बासचे तोंड मोठे आणि कडांना पातळ. मरळीचे हाडांचे, दातांचे, आणि ती आमिष घट्ट चावून धरते. चावून धरलेल्या रबरात लपलेले टोक बाहेरच येत नाही. माशाला ओढत आणले तरी तो शेवटी नुसता जबडा उघडून निघून जातो. यावर उपाय गळ उघडा करणे हा नव्हे, कारण गवत तिथेच आहे. उपाय टोक खोल न पुरण्यात आहे: ते अळीच्या अंगातून आरपार काढून पाठीच्या वरच्या कातडीत जेमतेम टेकवायचे, म्हणजे काडीला लागत नाही पण जबड्याच्या दाबाने सुटते. गळ जाड तारेचा आणि रुंद पोटाचा घ्यायचा, तंगुसाऐवजी न ताणणारी विणलेली दोरी वापरायची, काठी ताठ हवी. इथे मासा निर्णय घेतो, आणि घेऊ द्यावा. पण तो गळाच्या जाडीचा आणि दोरीचा निर्णय घेतो. टोक लपवायचे की नाही हे त्याने ठरवलेले नाही.

दुसरा फरक श्वासाचा. मरळ हवेत श्वास घेते. ठरावीक वेळाने तिला पाण्याच्या पृष्ठावर यावेच लागते. दाट पानवेलींच्या खाली प्राणवायू इतका उतरतो की बासला तिथे राहणे अवघड जावे. मरळ खुशाल राहते. अमेरिकेत अशा हिरव्या थरांतून तीस-चाळीस ग्रॅमचे शिसे आदळून आमिष आरपार पाडण्याची जोडणी प्रचलित आहे. आपल्याकडे तिची हौस वाढते आहे आणि मला ती अनाठायी वाटते. गोदावरीतली पानवेल तळाला रुजलेली नसते, वाऱ्याने सरकते, आणि तिच्या मुळांचा झुबका लांब असतो. त्यातून शिसे पाडण्यापेक्षा मरळ जिथे श्वासाला वर येते त्या फटी आणि कडा हेराव्यात, आणि वजनाशिवायचे, टोक लपवलेले आमिष पानांवरून ओढत आणून त्या फटीत सोडून द्यावे.

जिवंत आमिष स्वस्त असताना प्लास्टिक कशाला, हा आक्षेप जुन्या माणसांकडून येतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. गांडुळाबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. बेडकाबद्दल आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 साली बंद केली, कारण शेतातली कीड खाणारा हा प्राणी पोत्यांनी संपवला जात होता. मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचे संरक्षणही मिळाले. गळाला जिवंत बेडूक टोचणे हे त्यामुळे परंपरा म्हणून खपवता येत नाही, आणि रबरी बेडूक नेमका तिथे पर्याय ठरतो. पण मग रबराचे काय, हा उलट प्रश्नही तितकाच रास्त. तुटलेली अळी कुजत नाही; माशाने गिळली तर पोटात राहते. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळात 2013 साली रबरी आमिषांवर बंदीचे विधेयक आले होते; ते मंजूर झाले नाही, पण चिंता अकारण नव्हती. याचे उत्तर मला पुन्हा जोडणीतच दिसते. चुकीच्या जागी चुकीची जोडणी नेल्याने जेवढे रबर तळाला जाते तेवढे माशाने तोडून जात नाही. लपवलेला गळ, वॅकीची रबरी कडी, सुटून येणारे वजन या सगळ्यांचा पहिला फायदा हाच की पाण्यात कमी राहते. फाटलेल्या अळ्या खिशात घालून घरी आणणे मात्र जोडणीवर सोपवता येणार नाही. शिशाचेही तेच. ब्रिटनने 1987 साली गळाच्या लहान शिसवजनांवर बंदी घातली, कारण ती गिळून राजहंस मरत होते. ज्या जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेले, तिथल्या गळवाल्याने टंगस्टन महाग पडते म्हणून हा प्रश्न टाळू नये. टंगस्टन शिशापेक्षा घन असल्याने त्याच वजनाचा तुकडा लहान होतो आणि गवतातून सोपा सरकतो. कठीण असल्याने मुरूम कुठे संपला आणि गाळ कुठे लागला हे काठीत स्पष्ट जाणवते. अभयारण्याच्या हद्दीत गळच टाकायचा नसतो, हे वेगळे सांगायला नको.

जोडणी आवडली म्हणजे मासाही आणावा, असे म्हणणारे अधूनमधून भेटतात. त्यांनी जपान पाहावा. तिथे 1925 साली आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, आणि 2009 साली बिवा सरोवरात मिळालेल्या दहा किलोंच्या बासने अमेरिकेतल्या 1932 सालच्या विक्रमाशी बरोबरी केली. पण त्याआधीच, 2005 साली लागू झालेल्या परक्या जीवांविषयीच्या कायद्याने जपानला हा मासा बाळगण्यावर आणि सोडण्यावर बंदी घालावी लागली होती, कारण तो स्थानिक मासे खाऊन बसला होता. चिलापीने आपल्याकडे काय केले हे डोळ्यांसमोर असताना आणखी एक पाहुणा नको. शिवाय आपली धरणे रिकामी नाहीत. बऱ्याच जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. त्यांनी सोडलेल्या बोटुकलीवर त्यांची घरे चालतात, आणि काठीवाल्याने परवानगी विचारूनच बसावे. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांच्या तांबूस पुंजक्यावर राखण करत असते आणि पुंजक्याजवळ पडलेल्या कोणत्याही आमिषावर तुटून पडते. तो फटका भुकेचा नसतो. त्या दिवसांत पुंजका दिसला की आमिष दुसरीकडे फेकावे. पालक गेले की पिले त्याच दिवशी इतर माशांच्या पोटात जातात.

या सगळ्यामुळे पुस्तकाची रचना वाचकाला थोडी आडवळणाची वाटेल. पहिल्या प्रकरणात एकही जोडणी नाही. त्यात गळ न लावता नुसते वजन तळावरून ओढून गाळ, मुरूम, पाषाण आणि धसकट हाताला कसे ओळखू येतात ते दिले आहे, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले असताना उघड्या काठाचे कागदावर टिपण कसे ठेवायचे, म्हणजे भाद्रपदात पाणी चढल्यावर बाभळीचे खुंट कुठे आहे ते शोधावे लागत नाही. जोडण्या दुसऱ्या प्रकरणापासून, काठाच्या प्रकाराप्रमाणे लावलेल्या. माशांची प्रकरणे शेवटी आहेत, आणि त्यांत मरळीला सर्वांत जास्त पाने मिळाली आहेत.